पाच दिवसांची बाटली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला नद्यांवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडला म्हणून, दुसऱ्यांदा एका वाक्यावर अडखळले म्हणून. 'पालापाचोळा, सांडपाणी असा सगळा सेंद्रिय माल वाहत्या पाण्यात विरघळून जातो आणि शेवटी समुद्राला मिळतो', असं ते वाक्य. त्याच पानावर बीओडीच्या, म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या, आकड्यांचं कोष्टक होतं आणि त्यावर मथळा होता 'पाण्यातील एकूण सेंद्रिय पदार्थ'. वाक्यही चुकलंय आणि मथळाही. एरवी मी सोडून दिलं असतं, पण मी तीस वर्षांहून अधिक काळ पाण्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून काढली आहेत आणि त्यातला बराचसा काळ हाच आकडा काढण्यात गेला. तो काय सांगतो आणि कशावर गप्प बसतो, हे मला पाठ आहे.

आधी तो आकडा कसा निघतो ते सांगते. बीओडीची बाटली तीनशे मिलिलिटरची असते, घासलेल्या काचेच्या बुचाची, तोंडाशी जरा पसरट. पाणी भरताना नळी पार तळाशी न्यायची आणि हळूहळू वर ओढायची, खळखळाट होऊ द्यायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा मिसळते. बूच सरळ दाबायचं नाही, तिरकं सरकवायचं. टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा जरी आत राहिला तरी ती बाटली रद्द. बुचावर पाण्याचं सील, त्यावर टोपी, आणि मग वीस अंश सेल्सिअसला, मिट्ट अंधारात, पाच दिवस. अंधार अशासाठी की पाण्यातल्या शेवाळाने उजेडात ऑक्सिजन तयार केला तर सगळा हिशेबच बिघडेल.

पाच दिवसांनी बाटली काढून आत किती ऑक्सिजन उरला ते मोजायचं. हंगेरीच्या विंकलर यांनी १८८८ साली दिलेली पद्धत आम्ही शेवटपर्यंत वापरत होतो. मँगनीज सल्फेट घातलं, मग अल्कली आयोडाइड अझाइड घातलं, की बाटलीत ढगासारखा साका उतरतो. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन शिल्लक आहे. पांढराफेक राहिला की पोटात धस्स व्हायचं, कारण तळापर्यंत एक कणही उरलेला नसायचा आणि पाच दिवसांची मेहनत वाया. नमुना पुरेसा पातळ केला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. तपकिरी साक्यावर आम्ल घातलं की पाणी सोनेरी पिवळं होतं. ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत जायचं, पिवळा रंग वाळक्या गवतासारखा फिकट झाला की थोडं स्टार्च, पाणी गडद निळं, आणि मग एक थेंब असा येतो की निळा रंग डोळ्यांदेखत जातो. नवीन मुलांना मी हमखास सांगायचे, रंग गेला तिथेच थांबा. थोड्या वेळाने निळी झाक परत येते, तिच्याकडे ढुंकून बघू नका.

पहिल्या दिवशीच्या ऑक्सिजनमधून पाचव्या दिवसाचा वजा केला आणि नमुना जितक्या पट पातळ केला होता तितक्या पटीने गुणलं की बीओडी मिळतो. यात सेंद्रिय पदार्थ कुठेच मोजलेला नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावं. मोजला तो ऑक्सिजन, तोही जिवाणूंनी पाच दिवसांत अंधारात वापरलेला. त्यात अमोनियावर जगणारे जिवाणूही आपला हात मारून जातात, म्हणून त्यांना रोखणारं रसायन काही वेळा घालावं लागतं. 'एकूण' हा शब्द या आकड्याला लावणं म्हणजे एखाद्या घरातून पहिल्या पाच दिवसांत किती कचरा बाहेर पडला त्यावरून घरातलं सगळं सामान मोजणं.

पाचच दिवस का, यालाही इतिहास आहे. ब्रिटनमध्ये सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी १८९८ साली एक शाही आयोग नेमला गेला. त्याच्या १९१२ सालच्या आठव्या अहवालातून ही पाच दिवसांची चाचणी रूढ झाली. तिथल्या नद्यांचं पाणी उगमापासून समुद्रापर्यंत पोचायला पाच दिवसांहून जास्त लागत नाहीत, असा हिशेब त्यामागे होता असं आम्हाला शिकवलं गेलं. म्हणजे 'शेवटी समुद्राला मिळतो' ही आपल्या लेखातली समजूत त्या चाचणीच्या पोटातच बसलेली आहे. नदी म्हणजे नळी, एका टोकाला ओता, दुसऱ्या टोकाला काढा. समुद्रात गेलं की दृष्टीआड सृष्टी.

आता विरघळण्याबद्दल. साखर पाण्यात विरघळली तरी ती साखरच राहते, फक्त दिसत नाही. नदीतल्या सेंद्रिय पदार्थाचंही तेच. मुळात 'विरघळलेला सेंद्रिय कार्बन' हे नाव आम्ही लोकांनी एका चाळणीवरून ठरवलेलं आहे. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. वर राहिला तो कणरूप, खाली उतरला तो विरघळलेला. खाली उतरलेल्यात विषाणू असतात, अतिसूक्ष्म कणही असतात, पण चाळणीतून गेले ना, मग विरघळलेले. काचतंतूंचे फिल्टर वापरायचे तर आधी साडेचारशे अंशांच्या भट्टीत काही तास भाजून घ्यायचे, कारण त्यांच्यावरच्या हाताच्या तेलातलाही कार्बन मोजमापात येतो. गाळलेल्या पाण्यात आम्ल घालून त्यातून वायू सोडायचा, म्हणजे कार्बोनेटचा कार्बन उडून जातो. उरलेलं पाणी उत्प्रेरकावर जाळायचं आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांनी मोजायचा. या यंत्रातून येतो तो खरा सेंद्रिय कार्बनचा आकडा, पाच मिनिटांत, जिवाणूंच्या भुकेवर न विसंबता.

जगातल्या बहुतेक नद्यांमध्ये हा आकडा लिटरला एक ते दहा मिलिग्रॅमच्या दरम्यान असतो. दलदलीतून, पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, जमिनीतून येणाऱ्या पाण्यात त्याहून पुष्कळ जास्त. ॲमेझॉनची उपनदी रिओ नेग्रो, म्हणजे शब्दशः 'काळी नदी', तिचा रंग याच कार्बनचा आहे. अमेरिकेतली सुवानी नदी ओकेफेनोकी दलदलीतून निघते. तिच्या पाण्यातून काढलेला ह्युमिक पदार्थ, म्हणजे झाडापाल्याच्या कुजण्यातून उरणारा तपकिरी माल, जगभरच्या प्रयोगशाळा प्रमाण नमुना म्हणून वापरतात. सोन्याच्या शुद्धतेला जशी कसोटी, तसं तपकिरी पाण्याला सुवानी.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात असंच दलदलीतल्या एका ओढ्याचं पाणी आमच्याकडे आलं. कोऱ्या चहाच्या रंगाचं, पण आरपार दिसणारं, वास नाही, गाळ नाही. बीओडी आला लिटरला दीड मिलिग्रॅमच्या आसपास. आमचे साहेब म्हणाले, उत्तम पाणी आहे, लिहा अहवाल. मला काही पटेना. रंग एवढा आणि आकडा एवढासा? एका ओळखीच्या प्रयोगशाळेत कार्बनचं यंत्र होतं, तिथे थोडं पाणी पाठवलं. लिटरला बारा मिलिग्रॅम कार्बन निघाला. आता साधं गणित करा. ग्लुकोजसारखा पदार्थ पूर्ण जळायला दर मिलिग्रॅम कार्बनमागे सुमारे २.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. बारा मिलिग्रॅमला झाले बत्तीस. आमच्या बाटलीला त्यातलं फक्त दीड दिसलं. बाकीचं सगळं तोंडात पाणी धरून बसलेल्या माणसासारखं गप्प.

ते गप्प का राहतं, यातच सगळी गोम आहे. जिवाणूला तोंड नसतं. जे काही खायचं ते पेशीच्या भिंतीतून आत यायला हवं, आणि तिथून फक्त लहान रेणू शिरतात. साध्या शर्करा, अमिनो आम्लं, लहान सेंद्रिय आम्लं ही काही तासांत, फार तर काही दिवसांत फस्त होतात. बीओडीची पद्धत नीट चालली आहे की नाही हे तपासायला आम्ही ग्लुकोज आणि ग्लुटामिक आम्ल, लिटरला प्रत्येकी दीडशे मिलिग्रॅम, घालून प्रमाण द्रावण करायचो आणि उत्तर लिटरला १९८ मिलिग्रॅमच्या आसपास आलं की निश्चिंत व्हायचो. नदीतला माल मात्र ग्लुकोज नसतो. लाकडातला लिग्निन, मातीतून झिरपलेले ह्युमिक पदार्थ हे मोठे, गुंतागुंतीचे, वलयांनी भरलेले रेणू. रेणू वजनावरून ओळखणाऱ्या अलीकडच्या वस्तुमान वर्णपटमापकांत (मास स्पेक्ट्रोमीटर) एका नमुन्यात हजारो वेगवेगळी रेणुसूत्रं दिसतात. त्यांचे तुकडे करायला जिवाणूंना विकरं (एन्झाइम) बाहेर सोडावी लागतात. वाहत्या पाण्यात ती सोडली तर तुकडे दुसराच कोणी पळवतो, म्हणून हे काम मोकळ्या पाण्यात कमी आणि तळाच्या दगडांवर जास्त चालतं. ओढ्यातल्या दगडावर पाय ठेवला की सटकतो तो बुळबुळीत थर आठवा. जिवाणू, शेवाळ, बुरशी आणि त्यांचा चिकट डिंक असं ते आख्खं गाव असतं. पाणी त्याच्यावरून आणि तळाच्या वाळूतून आतबाहेर फिरतं, आणि तेवढ्यात त्यातला कार्बन उचलला जातो. खाल्लेल्यातला काही भाग जिवाणूंचं शरीर बनतो, बहुधा निम्म्याहून जास्त भाग कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. बाटलीत ना दगड असतो ना वाळू, एवढं एकच कारण तिचं अपुरेपण सांगायला पुरेसं होतं.

लहान ओढे तर बाहेरून आलेल्या कार्बनवरच जगतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या बेअर ब्रुक या जंगलातल्या ओढ्याचा जमाखर्च फिशर आणि लाइकेन्स यांनी १९७३ साली मांडला. त्या ओढ्याच्या एकूण ऊर्जेपैकी ९९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा आसपासच्या जंगलातून आलेली होती, पानांतून आणि पानांच्या अर्कातून. ओढ्याने स्वतः पिकवलेलं जवळजवळ काहीच नव्हतं.

आता माझ्या फजितीची गोष्ट. त्या तपकिरी ओढ्याचं गाळलेलं पाणी दोन काचेच्या बाटल्यांत ठेवलं होतं. एक कपाटात गेली, दुसरी जागा नव्हती म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर राहिली आणि विसरली गेली. उन्हाळ्याचे दीड-दोन महिने गेले. मग काहीतरी फेरतपासणी निघाली आणि दोन्ही बाटल्या टेबलावर आल्या. एक चहाच्या रंगाची, दुसरी फिकट, जेमतेम पिवळसर. लेबलं तीच, तारीख तीच, अक्षर माझंच. मी हाताखालच्या मुलावर घसरले. "अरे, नमुने बदललेस ना? निदान कबूल तरी कर!" तो म्हणाला, "मॅडम, मी हातसुद्धा लावला नाही हो." मी फिकट बाटली ओतून दिली आणि नोंदवहीत लिहिलं, 'नमुना संशयास्पद'.

त्या वहीतलं ते वाक्य मला नंतर फार टोचलं. बाटली कोणी बदलली नव्हती. तिच्यावर ऊन पडलं होतं. ह्युमिक रेणूंची वलयं निळा आणि अतिनील प्रकाश शोषतात, म्हणून तर ते पाणी तपकिरी दिसतं. शोषलेल्या ऊर्जेने तीच वलयं तुटतात. आणि खिडकीची काच, बाटलीची काच यांतून अतिनील किरणांतला सगळ्यात तिखट भाग बराचसा अडला होता, तरी एवढा फरक पडला. मोकळ्या नदीवर काय होत असेल, विचार करा. तुटताना कार्बनचा काही भाग थेट कार्बन डायऑक्साइड आणि थोडासा कार्बन मोनॉक्साइड होतो, जिवाणूचा हातही न लागता. काही भागाचे लहान तुकडे पडतात, आणि जिवाणू ज्याला इतका वेळ शिवत नव्हते ते त्यांना एकदम खाता येतं. आधी ऊन चावतं, मग जिवाणू गिळतात. उलटंही घडतं. शेवाळातून नुकत्याच पाझरलेल्या ताज्या पदार्थावर ऊन पडलं तर तो कधीकधी आधीपेक्षा चिवट होतो. निसर्गाने आमच्या सोयीसाठी एकच नियम ठेवलेला नाही.

याचे मोजलेले पुरावे नंतर वाचनात आले. काँगो नदीचं पाणी ५७ दिवस कृत्रिम उन्हात ठेवून केलेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे ४५ टक्के गेला, रंग देणारा भाग ८५ ते ९५ टक्के गेला, आणि लिग्निन, ज्याला आम्ही 'न कुजणारा' म्हणत आलो, तो ९५ टक्क्यांहून जास्त. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. रंग जवळजवळ सगळा उडाला तेव्हा कार्बन अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होता. माझी ती फिकट बाटलीही 'स्वच्छ' झालेली नव्हतीच. पाणी नितळ दिसलं की नदीने स्वतःला शुद्ध केलं, असं लिहिणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. अलास्कातल्या ओढ्या-तळ्यांवरचा २०१४ सालचा अभ्यास तर म्हणतो की तिथे पाण्याच्या थरात कार्बनवर जी काही प्रक्रिया होते तिच्यातली ७० ते ९५ टक्के एकट्या सूर्यप्रकाशामुळे होते. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, पाणी उथळ आहे, जंगलाची सावली नाही. गढूळ, खोल नदीत ऊन वरच्या थोड्याशा थरातच संपतं, तिथे हा वाटा लहान असणार. तरीही अंधाऱ्या पेटीत ठेवलेल्या बाटलीला यातला एकही टक्का दिसत नाही.

वेळेचंही तेच. स्पेन आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१६ साली जगभरच्या ओढे, नद्या, तळी यांची मोजमापं एकत्र केली आणि गोड्या पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनचं अर्धायुष्य काढलं. सरासरी आलं अडीच वर्षं, आणि सरासरीच्या आजूबाजूला पसारा प्रचंड. पाणी जिथे थोडाच वेळ थांबतं तिथे कुजण्याचा वेग जास्त, जिथे वर्षानुवर्षं साचतं तिथे कमी, कारण गोड गोड आधी संपतं आणि मागे कडू उरतं. अडीच वर्षांसमोर आमचे पाच दिवस ठेवून पाहा.

पुराने हे सगळं गणित आणखी उलटंपालटं होतं. जमिनीतला पालापाचोळ्याचा अर्क सर्वांत जास्त धुऊन येतो तो पुरात, आणि नेमकं तेव्हाच पाणी इतक्या वेगाने जातं की दगडावरच्या थराला चाखायलाही वेळ मिळत नाही. ओढ्यात व्हायचं काम मग खालच्या मोठ्या नदीत, धरणाच्या साठ्यात, खाडीत होतं. मे महिन्याच्या एका दुपारी भरलेल्या बाटलीवरून वर्षभराचा अंदाज बांधणारे अहवाल मीही लिहिले आहेत, नाही म्हणत नाही.

वय आणि चिवटपणा यांचाही संबंध आपण समजतो तसा नाही. जुनं ते चिवट, ताजं ते पचायला सोपं, असंच मी कित्येक वर्षं धरून चालले होते. ॲमेझॉनच्या नद्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड बहुतांशी पाच वर्षांहूनही कमी वयाच्या कार्बनचा आहे, हे २००५ साली किरणोत्सारी कार्बनवरून कळलं, ते या समजुतीला धरूनच होतं. पण सायबेरियात कोलिमा नदीच्या खोऱ्यात कायम गोठलेली जमीन वितळून जे ओहोळ वाहतात, त्यांच्यातला कार्बन वीस हजार वर्षांहून जुना. तो बाटलीत अंधारात ठेवला तर चौदा दिवसांत एक तृतीयांश संपला. वीस हजार वर्षं तो चिवट होता म्हणून टिकला नव्हता. बर्फात होता म्हणून टिकला होता. बाटलीच्या बाजूने एवढं म्हणायलाच हवं की हे तिलाही दिसलं असतं.

आता 'समुद्राला मिळतो' याकडे येते. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, पण इथे घोळ मुखापाशी आहे. जगातल्या नद्या वर्षाला पंचवीस कोटी टनांच्या आसपास विरघळलेला सेंद्रिय कार्बन समुद्रात टाकतात. समुद्रात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा साठा अवाढव्य आहे, पण त्यात जमिनीवरून आलेल्या लिग्निनच्या खुणा शोधल्या तर जेमतेम सापडतात. १९९० च्या दशकात समुद्र-रसायनाच्या लोकांना हे कोडंच पडलं होतं. नद्या शतकानुशतकं ओतताहेत, मग माल जातो कुठे? दुसऱ्या बाजूने २००७ साली कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवरून ओढ्या-नद्यांत उतरणाऱ्या सर्व प्रकारच्या कार्बनचा ताळेबंद मांडला. वर्षाला १९० कोटी टन उतरतो, ९० कोटी समुद्रापर्यंत पोचतो, २० कोटी गाळात पुरला जातो, आणि निदान ८० कोटी टन वाटेतच हवेत जातो. २०१३ सालच्या मोजणीत तर एकट्या ओढ्या-नद्यांतून हवेत जाणारा कार्बन वर्षाला १८० कोटी टन निघाला. ॲमेझॉनच्या खोऱ्यात २००२ सालच्या अभ्यासानुसार नद्या आणि पाणथळी मिळून सुमारे ५० कोटी टन बाहेर टाकतात. ॲमेझॉनमधून समुद्रात जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनच्या हे सुमारे दहापट आहे.

उत्साहाच्या भरात कोणी हा सगळा वायू नदीत कुजलेल्या पालापाचोळ्याच्या नावावर मांडू नये. त्यातला पुष्कळसा मातीत मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला असतो, भूजलातून तयार वायूच्या रूपातच ओढ्यात येतो आणि पाणी उघड्यावर येताच उडून जातो. लहान ओढ्यांत हा वाटा मोठा. पण मोठ्या नदीकडे जावं तसतसा पाण्यातच तयार झालेल्या वायूचा वाटा वाढत जातो. नदी श्वास सोडते म्हणतात ते असं.

आणि हा श्वास फुकट मिळत नाही. समुद्रसपाटीला, वीस अंशांना पाणी लिटरमागे जेमतेम नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, तीस अंशांना साडेसात. सांडपाण्यातला सहज पचणारा कार्बन एका ठिकाणी ओतला की खाली काही अंतरावर ऑक्सिजनची खळी पडते आणि मग हळूहळू भरून येते. ओहायो नदीवरच्या कामातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली तिचं समीकरण दिलं, ते आजही शिकवतात. त्या कामापुरता आमचा पाच दिवसांचा आकडा हुकमी आहे. सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणारं पाणी नदीतल्या माशांचा श्वास कोंडेल का, हे विचारायचं असेल तर बीओडीच विचारा. ज्या कामासाठी बाटली जन्मली ते ती चोख करते. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही, तिच्या डोक्यावर 'एकूण' असं पागोटं चढवण्याबद्दल आहे.

कारण त्या पागोट्याखाली एक धोका झाकला जातो. पाच दिवसांत न कुजणारा तपकिरी कार्बन माशांचा श्वास कोंडत नाही हे खरं, पण हेच पाणी पुढे जलशुद्धीकरण केंद्रात जातं आणि तिथे त्यात क्लोरीन पडतो. नेदरलँड्समधल्या रूक यांनी १९७४ साली दाखवलं की नैसर्गिक पाण्यातल्या या ह्युमिक पदार्थाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं तयार होतात. म्हणजे बीओडी दीड असलेल्या, ज्याला आमच्या साहेबांनी उत्तम म्हटलं त्या पाण्यात, क्लोरीनशी संयोग पावणारा बारा मिलिग्रॅम कार्बन बसलेला होता. क्लोरीन बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही, तो कितीतरी जीव वाचवतो. क्लोरीन घालण्याआधी तुरटीने किंवा कोळशाने तो कार्बन कमी करता येतो. पण त्यासाठी तो आहे हे आधी कळावं लागतं, आणि बीओडीच्या रकान्यात तो कळत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच. त्या कोष्टकाचा मथळा बदलून 'पाच दिवसांची जैविक ऑक्सिजन मागणी' असा करावा आणि तसा खुलासा छापावा. पुढच्या वेळी असे आकडे छापाल तेव्हा नमुना कोणत्या महिन्यात घेतला, पाणी पुराचं होतं की उन्हाळ्याचं, याची एक ओळ द्यावी. सेंद्रिय कार्बनच्या यंत्राचा आकडा मिळत असेल तर तो शेजारच्या रकान्यात छापावा. दोन रकाने शेजारी असले की वाचकाला रसायनशास्त्र न शिकताही दिसतं की एका नदीत दोन्ही आकडे मोठे आहेत आणि दुसरीत एक लहान आणि एक मोठा. पहिल्या नदीसाठी सांडपाण्याच्या नाल्याकडे बघावं लागतं, दुसरीसाठी जलशुद्धीकरण केंद्राकडे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ

ता. क. बाटल्यांवरून ज्याला बोलले होते त्या मुलाची मी माफी मागितली, पण तोवर बरीच वर्षं लोटली होती आणि तो स्वतः एका प्रयोगशाळेचा प्रमुख झाला होता. तो हसून म्हणाला, "मॅडम, मला तेव्हाच वाटलं होतं की हे उन्हाने झालं असेल. पण त्या दिवशी तुम्हाला सांगणार कोण?"